रस्त्यापलीकडची मोजणी

२ सप्टेंबर, मंगळवार

दादाकडे दोन दिवस राहायला म्हणून आलो होतो, त्याला आता महिना होत आला. आज जेवताना वहिनीनं विषय काढला. मला वाटलं, आता निघा म्हणणार. तर म्हणाली, "उद्यापासून माझ्याबरोबर कामावर चल." त्यांच्या प्रयोगशाळेत नमुने नेणारा-आणणारा माणूस जिन्यावरून घसरला, पाय प्लास्टरमध्ये आहे. तो येईपर्यंत कुणीतरी हवं.

दादा घास तोंडात ठेवूनच हसला. "याला देतेस नमुने? हा दूध आणायला गेला तर परगावाहून पत्र पाठवतो."

ते एकदाच झालं होतं, आणि पत्र नव्हतं, फोन केला होता.

ही डायरीही वहिनीनंच दिली. म्हणाली, रोज दोन ओळी लिहिल्या की डोकं जागेवर राहतं. बघू. शिक्षणाचं म्हणाल तर कॉलेज दीड वर्ष, मोटार वाइंडिंगचा कोर्स अर्धा, पोहायला मात्र पूर्ण येतं. घरात मला सगळे भिंगरी म्हणतात. वहिनी चिडली की मात्र 'भाऊजी, तुम्ही' वर येते.

४ सप्टेंबर, गुरुवार

काम सोपं आहे. एका इमारतीच्या तळघरात चेंबर आहे. चेंबर म्हणजे जाड पोलादी पिंप, त्याला एक गोल काचेची खिडकी. त्यातली सगळी हवा पंपानं ओढून काढायची, मग आत ठेवलेली राखाडी पूड तापवायची. तिची वाफ होते आणि वर टांगलेल्या काचेच्या तुकड्यावर जाऊन बसते, दव बसावं तशी. हे सगळं एक पिकल्या मिशांचे गृहस्थ बघतात. ते पंपाशी इतकं बोलतात की सगळे त्यांना पंपकाका म्हणतात. मला म्हणाले, "ये राजे. इथे कशाला हात लावायचा नाही, एवढंच शिकायचं."

तयार झालेली काच एका काळ्या डबीत बंद करून देतात. ती डबी रस्ता ओलांडून, गल्लीतून, समोरच्या इमारतीत मोजणीला द्यायची. वहिनीनं बजावलं, "डबी हलवायची नाही, उलटी करायची नाही, काचेला बोट लागता कामा नये." मी तिन्ही गोष्टी पाठ केल्या.

मोजणीला एक मुलगी असते. काचेवर विशिष्ट दिवा सोडते आणि काच कुठल्या रंगानं चमकते ते यंत्रावर बघते. तिनं नाव सांगितलं तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. दोन कबुतरं एकाच खिळ्यावर बसायला भांडत होती. आता परत विचारायची सोय नाही. तर, मोजणीवाली.

आजची काच लाल आली. लालच यायला हवी होती म्हणे. सगळे खूश.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गल्लीत एक सायकलवाला अंगावर आला. डबी हातातून सुटली नाही, पण चांगली हिसकली. वहिनीचे शब्द आठवले. तिथेच कट्ट्यावर बसून डबीचे चिमटे काढले, झाकण उघडून बघितलं. काच जागेवर होती. तिच्यावर जेमतेम एक तपकिरी झाक, कुणी चहा पिऊन फुंकर मारल्यासारखी. उन्हात धरली की कडेला सुरेख चमकायची. थोडा वेळ बघत बसलो. मग नीट बंद करून पोचवली.

आज नारिंगी आली. पंपकाका म्हणतात पूड ओली असणार.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, एवढ्याशा डागासाठी एवढा खटाटोप कशाला? वहिनीनं चमचा खाली ठेवला. तो डाग म्हणजे थर आहे, आणि तो इतका पातळ की केसाचे वीसेक हजार उभे काप केले तर त्यातला एक. एवढ्या अरुंद जागेत इलेक्ट्रॉन कोंडला की तो वेगळा वागतो. मुळात त्याला पूर्ण स्वस्थ बसताच येत नाही. जितकं कोंडावं तितका जास्त उसळतो.

"म्हणजे आपला भिंगरी," दादा म्हणाला.

"हसू नकोस, बरोबर आहे," वहिनी म्हणाली. जाड थरात तो कमी उसळतो, लाल उजेड देतो. पातळ केला की नारिंगी, हिरवा, निळा. पूड तीच. फक्त जाडी बदलायची आणि हवा तो रंग घ्यायचा. हे जमलं तर दिव्यांना, पडद्यांना, उजेड ओळखणाऱ्या यंत्रांना रंगागणिक वेगळा, महागडा पदार्थ शोधत बसायला नको.

बोलताना तिचे कान लाल होतात. दादा ते बघत बसतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज गल्लीत काय बघितलं! पियानो! तिसऱ्या मजल्यावर, खिडकीची चौकट काढून, क्रेननं. हवेत गोल गोल फिरत होता आणि वरून एक बाई ओरडत होती, "पाय सांभाळा, पाय!" पियानोचे की माणसांचे, देव जाणे. क्रेनवाल्याच्या मदतनिसानं विचारलं, तुझ्या डबीत काय आहे? मी उघडून दाखवलं. तो म्हणाला, यात तर काहीच नाही. मी म्हटलं, जवळजवळ काहीच नाही, तेच तर आहे. हे वाक्य मला फार आवडलं. त्यालाही. मग त्यानं त्याच्या मुकादमाला बोलावलं. पियानो आत गेल्यावर टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. डबी तोवर मांडीवर.

काच हिरवी आली. सगळ्यांचे चेहरे पडले. पंपकाकांनी पंप उघडून पुरता खोलला. मीच म्हटलं, काका, मी मोटारी खोलल्यात, मदत करू? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात खिशात घातले.

१० सप्टेंबर, बुधवार

पावसानं झोडपलं. डबी शर्टात घालून धूम पळत गेलो. कुठे थांबलो नाही.

लाल! पंपकाका छाती काढून फिरत होते. पंप धुतल्याचा गुण.

१५ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा बिघडलं. आज तर निळ्याकडे झुकलेली हिरवी. पंपाचा काही दोष नाही म्हणतात. गेल्या आठवड्यात पूड बदलली, हीटर बदलला, काचा धुवायचं पाणी बदललं. पंपकाका वैतागून म्हणाले, "वर्षभर लाल म्हणजे लाल येत होतं. राजे, तुम्ही आलात आणि चेंबरला दृष्ट लागली."

मला वाईट वाटलं. मी तर आज सगळ्यांना थोडं बरं वाटावं म्हणून काच उन्हात धरून दोन-तीन जणांना दाखवली होती. गॅरेजवाला, त्याची आई, आणि चेंडू गटारात गेला म्हणून रडणारी एक पोरगी. वहिनीच्या कामाचं कौतुक व्हायला हवं, कुणी करत नाही. चेंडूही काढून दिला.

घरी आल्यावर दार उघडंच होतं. दादा आणि वहिनी स्वयंपाकघरात हळू बोलत होते. चोवीस तारखेला विभागाच्या मोठ्या बाई येणार, समोर तीन काचा मोजणार. तिन्ही एकसारख्या आल्या नाहीत तर चेंबर वरच्या मजल्यावरच्या लोकांना देऊन टाकणार. मग वहिनीचं इथे कामच उरत नाही. दूरच्या शहरात एक शिकवण्याची नोकरी आहे, ती धरावी लागेल.

"आणि मी?" दादानं विचारलं. तो इथे बस चालवतो, त्याची बस काही तिकडे जात नाही.

"तू सुट्टीत ये," वहिनी म्हणाली. मी उगाच दार वाजवून आत गेलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मला या विषयात गती आहे असं वाटायला लागलंय. डबी देताना मोजणीवालीला सहज म्हटलं, आज नारिंगी येणार. आली! ती म्हणाली, योगायोग. उद्या परत सांगतो म्हटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

हिरवी म्हटलं, हिरवी आली. मोजणीवालीनं चष्मा वर केला. "कसं काय कळतं रे तुला?"

"अनुभव," मी म्हणालो.

तिनं मला तिच्या थर्मासमधला चहा दिला. शिवाय यंत्रात डोकावू दिलं. पडद्यावर एक डोंगर दिसतो. लाल असला की उजवीकडे, निळा असला की डावीकडे. ती हे सांगत होती तेव्हा खिडकीवर कबुतरं आली होती बहुतेक. आवाज येत होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

आज म्हटलं, नारिंगी आणि हिरव्याच्या मधली. तशीच आली. मोजणीवालीनं खुर्चीच वळवली. "आता खरं सांग."

"अगं सोपं आहे. झाक गडद असली की लाल येते. फिकट झाली की हिरवी. आज अर्धवट फिकट दिसली."

"कुठे दिसली?"

"डबीत. गल्लीत."

"डबी काळी आहे."

"झाकण उघडल्यावर दिसते ना."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एकदम शांत आवाजात म्हणाली, "त्या डबीत हवा नसते. हवा लागू नये म्हणून तर डबी आहे."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

"हे कुणी कुणाला सांगत नाही!" ती म्हणाली. "हे म्हणजे पाण्याखाली श्वास घेऊ नकोस सांगण्यासारखं आहे!"

वहिनीसमोर उभं राहिलो तेव्हा पंपकाका पंप पुन्हा जोडत होते. मोजणीवालीनंच सांगितलं. पंपकाकांच्या हातातला पाना खाली पडला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही रोज उघडत होतात?"

"पावसाच्या दिवशी नाही."

"पावसाच्या दिवशी लाल आली होती," पंपकाका हळूच म्हणाले.

वहिनी मटकन स्टुलावर बसली. मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते. पण ती हसत होती, आणि मग खरंच रडली, आणि मग परत हसली. "आम्ही हीटर बदलला! काका, आपण पाणी बदललं!"

मी घरी येऊन सामान भरून ठेवलं. एक पिशवीच आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी वहिनीनं पिशवी बघितली. म्हणाली, "ती ठेव बाजूला. आज तुला भटकायचं आहे. कामावर."

मग अशी वरात निघाली: पुढे मी उघडी डबी घेऊन, मागे वहिनी हातात घड्याळ आणि हवेतला ओलावा मोजायचं यंत्र घेऊन, तिच्यामागे मोजणीवाली, सगळ्यात मागे पंपकाका, चेंबर एकटं सोडून आल्यामुळे अस्वस्थ. वहिनी विचारायची, पियानोच्या दिवशी कुठे उभा होतास? मी दाखवायचो. किती वेळ? मी म्हणायचो, खिडकीची चौकट काढून, पियानो आत, चौकट परत बसेपर्यंत. तेवढा वेळ सगळे तिथे उभे. गॅरेजवाल्यानं विचारलं, काय हरवलंय? पंपकाका म्हणाले, "अक्कल."

दिवसभर हेच. एक काच बंद डबीतून, एक थोडी उघडी, एक जास्त उघडी. संध्याकाळी मोजणीवालीनं सगळे डोंगर एकाखाली एक लावले. जितका वेळ हवा तितका डोंगर डावीकडे, पायऱ्या उतरल्यासारखा. आणि वहिनी त्या पडद्यासमोरून हलेना.

तिनं मला सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. हवा थराला वरून खाते, ओली असली की जास्त. खाल्लेला भाग गंजासारखा वर बसतो, तो काही चमकत नाही. खालचा उरलेला थर पातळ होत जातो, इलेक्ट्रॉनची जागा अरुंद होत जाते, रंग सरकतो. चेंबरमध्ये इतका पातळ थर सरळ बसवायला गेलं तर त्याचे ठिपके ठिपके होतात. म्हणून वर्षानुवर्षं लालच्या पुढे गाडी जात नव्हती. हवेनं खाल्लेला थर मात्र सलग राहतो.

"म्हणजे चांगलं झालं?" मी विचारलं.

"तुझ्या हातून झालं म्हणून मला ते कबूल करायला उद्यापर्यंत वेळ दे," वहिनी म्हणाली.

२२ सप्टेंबर, सोमवार

बंद डबीतून सलग सगळ्या काचा लाल. चोवीस तारखेची काळजी मिटली. पंपकाका म्हणतात, तीन लाल काचा दाखवायच्या, चहा पाजायचा आणि बाईंना जिन्यापर्यंत सोडायचं.

वहिनीला चौथी काच दाखवायची आहे. उघडी. त्यांच्या डोळ्यांसमोर रंग सरकवायचा.

"आणि नाही सरकला तर?" पंपकाका म्हणाले. "त्या दिवशी हवा कोरडी असली तर? पास झालेला पेपर परत लिहायला कशाला मागायचा?"

वहिनी घरीही तेच बोलत होती. नुसतं लाल दाखवून चेंबर राहील, पण किती दिवस? लाल तर सगळ्यांकडे आहे. दादा भांडी विसळत होता. मला वाटलं, तो पंपकाकांची बाजू घेणार. त्याचाच संसार पणाला लागलाय. पण तो पाठमोराच म्हणाला, "दाखव. नाही दाखवलंस तर वर्षभर मला झोपू देणार नाहीस."

२४ सप्टेंबर, बुधवार

पंपकाकांच्या जिभेला काय म्हणावं. आज हवा कोरडी ठणठणीत.

मोठ्या बाई उंच आहेत, आवाज लहान. बरोबर आणखी दोघं होते, ते फक्त मान हलवत होते. तीन लाल काचा झाल्या. मोजणीवालीनं तीन डोंगर एकावर एक ठेवले, एकच दिसला. बाई म्हणाल्या, छान, आणि पर्स उचलली.

"बसा बाई. अजून एक आहे," वहिनी म्हणाली.

खोली अंधारी केली. मी टेबलाशी उभा राहून दिवा काचेवर धरायचा आणि वहिनीनं खूण केली की झाकण लावायचं, एवढंच माझं काम. झाकण काढलं. काच लाल निखाऱ्यासारखी. वाट बघतोय. लाल. वाट बघतोय. जराशी नारिंगी झाली आणि तिथेच अडली. खोलीत यंत्रासाठी एसी चालू असतो, त्यानं होता-नव्हता तेवढा ओलावाही गेला होता. दिव्याचा हात भरून आला, पण हलवला नाही. मला वहिनीचा श्वास ऐकू येत होता. मान हलवणाऱ्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं.

बाई म्हणाल्या, "मला तर काही बदल दिसत नाही." आणि नीट दिसावं म्हणून पुढे वाकल्या. अगदी वाकल्या, नाक टेकेल इतक्या. "हे नारिंगीच आहे ना? की मला—"

तेवढ्यात त्यांच्या तोंडासमोर, काचेच्या बरोबर मधोमध, एक हिरवा ठिपका उगवला. वाटाण्याएवढा. मग नाण्याएवढा. कडेला पिवळी रेघ, बाहेर नारिंगी.

बाई जागच्या जागी थिजल्या. "हे काय?"

"तुमचा श्वास," वहिनी म्हणाली. "त्यातल्या ओलाव्यानं वरचा थर खाल्ला. तिथे आता इलेक्ट्रॉनला जागा कमी आहे."

"हे मी केलं?"

"हो बाई."

त्यांनी पुन्हा हळूच फुंकर घातली. ठिपका पसरला, मध्ये निळा झाला. ते दोघंही मान हलवायचं विसरून पुढे आले. एक म्हणाला, मी करू? बाईंनी त्याला हातानंच मागे सारलं.

"आणि हे थांबवता येतं?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी झाकण लावलं. बाई म्हणाल्या, उघड. उघडलं. निळा तिथेच, हिरवा तिथेच, नारिंगी तिथेच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी पर्स परत खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चहा आहे का?"

पंपकाका पळाले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चेंबर राहणार! आणि वहिनीही. बाईंनी स्वतः खाली येऊन सांगितलं. दोन वर्षं तरी कुणी हात लावणार नाही. वहिनीनं दादाला फोन केला, तो बस चालवत होता, उचलला नाही. पुढच्या थांब्यावर उचलला. इकडे आम्हाला फक्त हॉर्न ऐकू आला. पंपकाका म्हणाले, बसमधली माणसं घाबरली असतील.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळीच दारात मोठी हातगाडी आणि चार दणकट माणसं. चेंबर वरच्या मजल्यावर न्यायला आलो म्हणे. त्यांना हुकूम रद्द झाल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. पंपकाका चेंबरला पाठ लावून उभे राहिले. "आधी मला उचला!"

मुकादम म्हणाला, काका, आमची पूर्ण दिवसाची गाडी आहे, रिकामी नेली तर साहेब ओरडतील. काहीतरी द्या उचलायला.

वहिनी क्षणभर त्या गाडीकडे बघत राहिली. मग फोन उचलला. "बाई, मोजणीचं यंत्र खाली चेंबरशेजारी आणलं तर? काच बाहेर काढायलाच नको." पलीकडून काय म्हणाल्या कळलं नाही, पण वहिनीनं मुकादमाला खूण केली. समोरच्या इमारतीत चला.

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. "वहिनी, म्हणजे मग नेणार काय मी?"

"काही नाही."

"म्हणजे माझी नोकरी गेली."

"ती गेलीच. त्या पाय मोडलेल्या माणसालाही मी कळवलंय, त्याला स्टोअरमध्ये घेतलंय. भाऊजी, तुम्हाला पंप खोलता येतो असं ऐकलं."

मी पंपकाकांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. "हात लावायचा नाही, एवढं शिकून झालंय," ते म्हणाले. "आता लावायचं शिकवू."

यंत्र खाली उतरवायला दुपार झाली. गाडीवर गाद्या, गाद्यांवर यंत्र, यंत्राला चारी बाजूंनी माणसं, आणि यंत्राला हात लावून मोजणीवाली, कडेवर मूल असावं तशी. "खड्डा! डावीकडे! हळू!" मला पुढे पाठवलं, गाड्या थांबवायला. मी दोन्ही हात पसरून उलटा चालत होतो, तोंड तिच्याकडे. रस्ता, गल्ली, गॅरेज, पुन्हा रस्ता, सगळं पार करून तळघराच्या दारापर्यंत.

दादानं संध्याकाळी विचारलं, गल्लीत आज काय नवीन? मला काही सांगता आलं नाही. मी बघितलंच नव्हतं.